हातचा एक

केमीच्या बंदरात सव्वीस वर्षं क्रेन चालवली इर्मेलीने.
आज ती स्लेजवर बांधून
अमिगा घेऊन आली, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला.
बाहेर उणे एकवीस.
लगेच सुरू करू नकोस, मी म्हटलं, आत पाणी सुटेल.
मग तासभर आम्ही कॉफी प्यालो
आणि यंत्राला माणसात येऊ दिलं.

त्र्याण्णव सालापासून धक्क्याला लागलेलं प्रत्येक जहाज
तिने यात टिपलंय:
नाव, दिवस, टन, बर्फाची जाडी.
मूळची डिस्क पंच्याऐंशी एमबीची.
ती गेल्या शरदात कुरकुरत गेली,
पण जाण्याआधी सगळं उतरवून घेऊ दिलं तिने,
एवढी माणुसकी दाखवली.
मग इर्मेलीने दुकानातलं सगळ्यात लहान कार्ड घेतलं.
बत्तीस जीबी.
याहून लहान आता कोणी ठेवतच नाही.

जागा होती म्हणून भरत गेले, ती म्हणाली.
जहाजांचे फोटो, धक्क्याचे नकाशे,
धुक्यातल्या भोंग्यांचे आवाजसुद्धा.
यंत्राने एकदाही हूं की चूं केलं नाही.
आणि एका मंगळवारी बघते तर
त्र्याण्णवचा हिवाळा नाही.

मी पाठकोरा कागद ओढला.
बघ, याला पत्ता लिहायला बत्तीसच घरं दिलीत,
प्रत्येकात शून्य नाहीतर एक.
चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख
सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव:
इथे सगळ्या घरांत एक.
आता यात एक मिळव.
शून्य, हातचा एक.
शून्य, हातचा एक.
शून्य,
शून्य,
असा घराघरातून सरकत
हातचा एक शेवटच्या दाराशी येतो
आणि पुढे घरच नाही.
तो पडतो.
उरतं नुसतं शून्य, म्हणजे पहिली जागा.
तिथे तुझा त्र्याण्णवचा हिवाळा होता.
यंत्र खोटं बोललं नाही, इर्मेली.
त्याला खरंच वाटत होतं आपण पुढे चाललोय.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
माझ्या लाडाचा काटा असाच शून्यावर आला होता, म्हणाली,
पण म्हणून गाडी काही
कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली नाही.

मग एकदम भडकली.
क्रेनच्या हातावर लिहिलेलं असतं, चाळीस टन,
माणसाएवढ्या अक्षरांत!
एकेचाळिसावा उचलायला जा, घंटा वाजते,
मुकादम खालून शिव्या घालतो.
इथे घंटा का नाही?
मी काय सांगणार.
ज्यांनी हे बनवलं त्यांच्या टेबलावर
चाळीस एमबी म्हणजे श्रीमंती होती.

कार्ड पुसून नव्याने आखलं,
चार जीबीच्या काठापासून जरा आतच थांबलो.
उरलेले अठ्ठावीस तसेच सोडले.
वाया? तिने विचारलं.
वाया.
तिच्या तीस वर्षांच्या नोंदी, फोटो नि भोंगे सोडले तर,
सदतीस एमबी भरल्या.

तिने माझ्या टेबलावरची खोडायची पांढरी शाई उचलली
आणि पिवळट पडलेल्या झाकणावर
जीभ दातात धरून रंगवलं: ४ जीबी.
मग बसली आणि पहिली ओळ पुन्हा टाईप केली.
केल्ता, अकरा जानेवारी, बर्फ बावन्न सेंटिमीटर.
टनांच्या रकान्यापाशी बोट थांबलं.
अंदाजाने नाही भरायचं, म्हणाली, आणि मोकळा सोडला.

स्लेज बांधून झाली. टोपी कानांवर ओढून
ती दारातून परत वळली.
तो हातचा एक. पडला म्हणालास.
कुठे?

मी उगाचच
टेबलाखाली वाकून बघितलं.